प्रोबेशनवर असताना कोर्टाचं समन्स आलं तर? वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअप मेसेजमध्ये प्रोबेशनचे प्रश्न खूप आहेत, खानापूरकडचे, निपाणीकडचे, बेळगाव शहरातले, एक तर चंदगड हद्दीवरचा. म्हणून जमिनीचे आणि वारसाचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवते आणि ही सगळी जागा याच विषयाला देते. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोर्टानं माणसाला दोषी धरलं, पण गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नाही, माणसाचं घरदार कामधंदा नीट आहे, सुधारेल असं वाटतंय, तर त्याला जेलात न पाठवता बाँडवर सोडता येतं, १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टचं कलम ४. हा बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. इथं एक गोष्ट लोक हमखास चुकीची धरतात, की आपण सुटलो, केस संपली. केस संपलेली नसते. शिक्षा सुनावायची बाकी ठेवलेली असते, आणि आपण लिहून दिलेलं असतं की बोलावलं की येईन, तोपर्यंत शांततेनं आणि नीट वागेन. ते मोडलं असं कोर्टाला वाटलं की कलम ९ खाली बोलावणं येतं.

प्रश्न : वकीलताई नमस्कार. माझ्या भावाला गेल्या वर्षी गावातल्या मारामारीच्या केसमध्ये भारतीय दंड संहितेच्या ३२४ खाली (हत्यारानं दुखापत) दोषी धरलं पण जेल दिली नाही, दोन वर्षाच्या बाँडवर सोडलं आणि दर महिन्याला प्रोबेशन ऑफिसरकडं हजेरी लावायला सांगितलं. गावात काम नाही म्हणून तो गोव्याला फोंड्याकडं सेंट्रिंगच्या कामाला गेला आणि चार महिने हजेरीला आलाच नाही. आता कन्नडमध्ये समन्स आलंय, आम्हाला कुणालाच वाचता येत नाही, भाऊ म्हणतोय मी येत नाही, आलो की आत टाकतील. आई जेवत नाही. काय करावं? – एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी भावाला फोन लावा आणि सांगा की समन्स आलंय म्हणजे कोर्टानं अजून मऊ मार्ग घेतलाय. कलम ९ मध्ये कोर्टाला दोन्ही वाटा आहेत, सरळ अटकेचं वॉरंट काढायचं किंवा समन्स पाठवून बोलवायचं, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत कोर्टानं समन्स निवडलंय. तारखेला तो गेला नाही की पुढचा कागद वॉरंटचा असतो आणि मग पोलीस फोंड्याच्या साईटवरून धरून आणणार, आणि धरून आणलेल्या माणसाकडं कोर्ट कसं बघतं आणि स्वतःच्या पायानं आलेल्या माणसाकडं कसं बघतं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी रोज बघते. तेव्हा लपायचं नाही. लपणं हाच या सगळ्यातला सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे.

समन्स कन्नडमध्ये आहे म्हणून ते बाजूला ठेवून देऊ नका, हे आपल्याकडं फार होतं. गावातल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडून, ग्रामपंचायतीतल्या कुणाकडून वाचून घ्या. बघायचं काय, तर कुठलं कोर्ट, केस नंबर काय, तारीख कुठली आणि किती वाजता. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे, त्यात सोळा अक्षरा-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, तो नंबर जुन्या कागदावर असतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून बिनवकिलाचं उभं राहू नका. तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समिती असते, बेळगावला जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फुकट मदतीचा फोन नंबर आहे. १९८७ च्या कायद्यानं ज्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे त्यांना, बायकांना, एससी-एसटी लोकांना, कोठडीत असलेल्यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. हा तुमचा हक्क आहे, अर्ज करताना कमीपणा वाटून घेऊ नका.

आता मुख्य सुनावणी. भावाला उभं करतील आणि विचारतील की अट मोडली का. इथं वकिलानं त्याआधीच फाईल बघितलेली पाहिजे, प्रोबेशन ऑफिसरनं रिपोर्टमध्ये नक्की काय लिहिलंय, कुठली अट, कुठले महिने. कधी कधी रिपोर्टात सहा महिने गैरहजर लिहिलेलं असतं आणि खरं तर चारच असतात, ते तारखांसह दाखवून द्यावं लागतं. आणि बाँडची, सुपरव्हिजन ऑर्डरची (प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीचा हुकूम) कॉपी वाचायची. सुपरव्हिजन ऑर्डर असेल तर कलम ४ मध्येच लिहिलंय की अटी कोर्टानं त्या माणसाला समजावून सांगायच्या आणि ऑर्डरची एक कॉपी त्याला, एक जामीनदाराला, एक प्रोबेशन ऑफिसरला द्यायची. तुमच्या भावाला अटी कुठल्या भाषेत समजावल्या? त्याला कॉपी मिळाली का? आपल्या सीमाभागात मराठी माणूस कन्नड कागदावर सही करून घरी येतो, आत काय आहे ते कुणी त्याला नीट सांगितलेलं नसतं, आणि वर्षभरानं त्याच कागदावरून त्याला विचारलं जातं की का मोडलंस. मला याची फार चीड येते. कॉपी मिळाली नसेल, अटी समजल्या नसतील तर वकिलानं हे कोर्टापुढं स्पष्ट मांडावं. पण ताई, जे खोटं आहे ते मांडू नका. हजेरी लावायची आहे हे त्याला माहीत होतं, तो पहिले काही महिने गेलाही असेल, तेव्हा 'मला माहीतच नव्हतं' असं म्हटलं की रजिस्टर उघडलं जातं आणि मग पुढचं खरं बोललेलं पण कोर्ट मानत नाही.

त्यापेक्षा त्याचं खरं कारण हेच त्याचं बळ आहे. तो पळून गेला नव्हता, पोटासाठी गेला होता. ते कागदानं दाखवायचं. ठेकेदाराचं पत्र, हजेरीचं पुस्तक किंवा त्याचा मोबाईलनं काढलेला फोटो, पगार गुगल पे वर आला असेल तर त्याचं स्टेटमेंट, फोंड्याला राहत होता त्या खोलीच्या मालकाची चिठ्ठी, बसची, लोंढ्याच्या रेल्वेची तिकिटं राहिली असतील तर ती. या चार महिन्यांत त्यानं ऑफिसरला एकदा जरी फोन किंवा मेसेज केला असेल तर ती गोष्ट सोन्यासारखी आहे, ती डिलीट करू नका. आणि या काळात दुसरा काही गुन्हा नाही, दारूची भानगड नाही, हे सांगणारा गावातला कुणी मान्य माणूस असला तर त्यालाही घेऊन जा.

आणि तारखेची वाट न बघता भावानं आधीच प्रोबेशन ऑफिसरला जाऊन भेटावं. पुष्कळ लोकांना वाटतं की त्यांनीच तक्रार केली, आता त्यांचं तोंड कशाला बघू. तसं नाहीय. त्या ऑफिसरचं काम कायद्यानंच देखरेखीबरोबर मदतीचं पण आहे, गरज पडली तर काम मिळवून द्यायला हातभार लावायचं सुद्धा. भाऊ समोर जाऊन बोलला, आतापासून येतो म्हणाला, आणि ते त्यांनी कोर्टाला सांगितलं तर त्याचं वजन वेगळं असतं.

आत टाकतील का, हे तुम्ही विचारलंय. खोटा धीर देत नाही. कोर्टाला अट मोडल्याची खात्री पटली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथंच सुनावू शकतं, ३२४ ला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं आहे, म्हणजे फक्त दंडही होऊ शकतो. पण अट पहिल्यांदाच मोडली असेल तर कलम ९ मध्येच दुसरा मार्ग दिलाय, बाँड तसाच चालू ठेवून फक्त पन्नास रुपयांपर्यंत दंड. होय, पन्नास, १९५८ सालचा आकडा अजून तोच आहे. तो दंड कोर्टानं दिलेल्या मुदतीत भरायचा, विसरायचं नाही, कारण तो भरला नाही म्हणून मूळ शिक्षा सुनावता येते, आणि पन्नास रुपयांसाठी जेल बघायची वेळ कुणावर येऊ नये. वकिलानं हाच मार्ग मागायचा, आणि सोबत सांगायचं की पुढं हजेरी कशी लावणार, गोव्याचं काम सोडून इकडं काम बघितलंय का, की महिन्याला एक दिवस सुट्टी घेऊन येणार. नुसतं 'माफ करा साहेब' म्हणण्यापेक्षा ठरलेला बेत असला की कोर्टाला धरायला काहीतरी मिळतं.

सुनावणी एका दिवसात संपली नाही तर कोर्ट त्याला कोठडीत ठेवू शकतं किंवा जामिनावर सोडू शकतं, म्हणून जामीनदार आणि त्याचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला जमिनीचा सातबारा), आधार कार्ड, फोटो पहिल्या तारखेलाच सोबत न्या. वकिलाला एकट्याला पाठवून भागवू नका, भाऊ स्वतः पाहिजे. पुकारा सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो, गोव्याहून त्याच दिवशी पहाटे निघून चोर्ल्याच्या घाटात अडकण्यापेक्षा आदल्या रात्री घरी या. आणि कोर्टात त्याला कन्नड समजत नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं. न्यायाधीश बदलून येतात, कुणी तुमकूरकडचे असतात, कुणी मंड्याकडचे, त्यांना तुमचं मराठी कळेलच असं नाही. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर त्याला कळणाऱ्या भाषेत ती समजावून द्यायची असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातच आहे. मान हलवून 'हो हो' म्हणू नका. काय विचारलं ते कळलं नाही तर कळलं नाही म्हणा.

शिक्षा झालीच तर त्याच दिवशी वकिलाशी अपिलाचं बोला. जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाच्या शिक्षेवर सेशन्स कोर्टात अपिलाला तीस दिवसांची मुदत असते, आणि शिक्षा तीन वर्षांच्या आत असेल, माणूस जामिनावर असेल तर अपील करेपर्यंत शिक्षा थांबवायचा अर्ज त्याच कोर्टात देता येतो. आधी केसच्या वेळी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, ते पण मोजून सांगायला लावा. आईंना म्हणावं जेवा, मुलगा तारखेला आला तर सांगण्यासारखं त्याच्याकडं पुष्कळ आहे.

प्रश्न : मी पुतण्याला बाँडला जामीन राहिलो, पंचवीस हजाराचा. आता कोर्टातनं मला पण नोटीस आलीया. माझं तंबाखूचं दोन एकर रान आहे, लोक म्हणत्यात जप्ती येणार. पुतण्या तर कुठं आहे ते पण सांगत नाही. मी काय गुन्हा केलाय? – एक काका, निपाणी

उत्तर : काका, तुम्ही गुन्हा केलेला नाही आणि तुम्हाला आरोपी म्हणून बोलावलेलंही नाही. तुम्ही कोर्टाला शब्द दिला होता की हा बोलावलं की येईल आणि नीट राहील, त्या शब्दाबद्दल विचारायला बोलावलंय. रान लगेच जाणार नाही. बाँड जप्त करायचा तर कोर्टाला आधी अट मोडल्याचं नोंदवावं लागतं, मग तुम्हाला सांगावं लागतं की पैसे भरा किंवा का भरू नये ते सांगा. हे 'का भरू नये' सांगायची संधी तुमच्या हातात आहे, ती घालवू नका. फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, हे कलम ४९१ आहे, जुन्यात, म्हणजे सीआरपीसीत, ४४६ होतं. त्यात कोर्टाला रक्कम कमी करून अर्धी-पाव भरायला सांगायचा सुद्धा अधिकार आहे, त्यामुळं तुमचं वय, उत्पन्न, पुतण्याला आणायला तुम्ही काय काय धडपड केली हे सगळं लेखी द्या. मात्र काहीच सांगितलं नाही आणि पैसेही भरले नाहीत तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि वसूल झालीच नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. म्हणून नोटीस आली आणि माळ्यावर टाकली असं करू नका.

पुतण्या कुठं आहे हे खरंच माहीत नसेल तर तसं सांगा, माहीत असेल तर लपवू नका, त्यानं तुम्ही आणखी अडकाल. भाऊबंदकीत हे फार अवघड असतं, कळतंय मला, भाऊ म्हणणार तू माझ्या पोराला धरून दिलंस. पण तुमच्या दोन एकरावर तुमची म्हातारपणची भाकरी आहे, ती पण कुणीतरी बघितली पाहिजे.

यापुढं जामीन राहायचं नसेल तर जामीनदारकीतनं मोकळं व्हायचा अर्ज देता येतो. मग कोर्ट त्या माणसाला बोलावून घेतं आणि उरलेल्या मुदतीसाठी दुसरा जामीनदार आणायला सांगतं. पण हा अर्ज अट मोडायच्या आधी दिलेला चांगला. मोडल्यावर दिला तर मागचं ओझं आपोआप उतरत नाही. आणि जे वाचक उद्या कुणाला जामीन राहायला कोर्टात जाणार आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवा, सुपरव्हिजन ऑर्डरची एक कॉपी जामीनदाराला पण द्यायची असते, ती मागून घ्या, घरी आणा, कुणाकडून तरी वाचून घ्या. उतारा देऊन सही करून चहा पिऊन परत यायचं काम नाही हे.

प्रश्न : मी बेळगाव शहरातला. एका जुन्या भांडणाच्या केसमध्ये एक वर्षाचा बाँड आहे, त्यातले सात महिने झाले. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीत होतो, कुणाला हात लावला नाही, दगड मारला नाही, पण परवानगी नव्हती म्हणून पोलिसांनी बऱ्याच जणांवर एफआयआर केला त्यात माझं पण नाव घातलं. आता प्रोबेशन मोडलं म्हणून जुन्या केसमध्ये जेल होणार का? आणि कोर्टात काय सांगू? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : एफआयआर म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, तो फक्त आरोप आहे. पण एफआयआर आहे म्हणून कलम ९ ची कारवाई सुरूच होऊ शकत नाही असंही समजू नका. त्या कलमात लिहिलंय की प्रोबेशन ऑफिसरच्या रिपोर्टवरून किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गानं कोर्टाला कळलं तरी चालतं, म्हणजे पोलिसांनी कळवलं तरी कोर्ट बोलावू शकतं. पण मग सुनावणी घेऊन कोर्टाची खात्री पटली पाहिजे की तू अट मोडलीस. 'शांतता राखीन' ही अट तू मोडली का, हा प्रश्न आहे. फेरीत चालणं आणि शांतता मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या वकिलानं हाच फरक कोर्टापुढं धरून ठेवायला हवा. फेरीचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर असतात, त्यात तू कुठं होतास, काय करत होतास ते दिसत असेल तर ते मूळ फाईलसकट जपून ठेव, व्हॉट्सअपवर फॉरवर्ड झालेल्या कापलेल्या क्लिपवर भरवसा ठेवू नको.

आता यातलं नाजूक काम. तुझ्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत, जुन्या केसची कलम ९ ची सुनावणी आणि नवीन एफआयआर. जुन्या केसमध्ये स्वतःला वाचवायच्या नादात तू जे बोलशील ते नव्या केसमध्ये तुझ्यावरच उलटू शकतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, घटनेचं कलम २० त्यासाठीच आहे. म्हणून दोन्ही केसला एकच वकील ठेव, नाहीतर निदान दोन वकील एकमेकांशी बोलतील असं बघ, आणि कोर्टात उभं राहून भावनेच्या भरात लांबलचक बोलू नको. नव्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत कलम ९ ची सुनावणी थांबवा अशी विनंती वकील करू शकतो, ती मान्य करायची का ते कोर्टावर आहे.

आणि थोरली बहीण म्हणून सांगते, तुझ्या मनात मराठीसाठी जे आहे ते माझ्याही मनात आहे, आपल्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण बाँडची मुदत ही मोजून संपणारी गोष्ट आहे. राहिलेल्या महिन्यांत जिथं परवानगी नाही तिथं गर्दीत उभं राहू नको, मग ती फेरी असो, गणपतीची मिरवणूक असो की मित्राच्या वाढदिवसाचा रस्त्यातला केक असो. प्रोबेशनवरच्या माणसासाठी साधी हाणामारी सुद्धा साधी राहत नाही, कारण मागची न सुनावलेली शिक्षा अजून उभी असते.

प्रश्न : माझा बाँड बेळगाव तालुक्यातल्या गावच्या पत्त्यावर आहे. पण आमचं शेत चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि आता मला शिनोळीच्या एमआयडीसीत काम लागलंय. तिकडंच राहायला गेलो तर चालेल का? – एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : बाँड काढून बघा, त्यात राहण्याची अट कशी लिहिलीय. 'अमुक पत्त्यावर राहीन' इतकंच असेल तर दिवसा शिनोळीला कामाला जाऊन रात्री घरी येणं यात अट मोडत नाही. 'परवानगीशिवाय जिल्हा सोडणार नाही' असं असेल तर मात्र तुमचं रोजचं शेतावर जाणं सुद्धा त्यात येतं, कारण तुमच्या बांधापलीकडं कोल्हापूर जिल्हा आणि दुसरं राज्य. आपल्या लोकांना रोज ये-जा करून हद्द जाणवतच नाही, पण कोर्टाच्या कागदावर ती जाड रेघ आहे.

राहायला जायचं असेल तर आधी परवानगी, मग सामान. कलम ८ खाली अटी बदलता येतात, त्यासाठी अर्ज प्रोबेशन ऑफिसरकडून कोर्टात जातो, म्हणून आधी त्यांना लेखी द्या, कंपनीचं जॉइनिंग लेटर आणि नव्या जागेचा भाडेकरार जोडा, आणि दिलेल्या अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. अटी बदलण्याआधी कोर्ट तुम्हाला आणि जामीनदाराला दोघांनाही ऐकतं. जामीनदार नाही म्हणाला तर कोर्ट नवीन बाँड मागू शकतं आणि तो दिला नाही तर शिक्षा सुनावू शकतं, तेव्हा जामीनदाराला अंधारात ठेवून अर्ज करू नका, आधी त्याच्या घरी जाऊन बोला. याच कलमात चांगली बाजू पण आहे, वागणूक समाधानकारक असेल तर ऑफिसरच्या अर्जावरून कोर्ट बाँड मुदतीआधीच संपवू शकतं.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत आयटीत आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये त्याला प्रोबेशन मिळालं होतं. कोर्टानं लावलेल्या क्लासचे पैसे थकले आणि एका टेस्टला गेला नाही म्हणून आता तिकडं व्हायोलेशन हिअरिंग (अट मोडल्याची सुनावणी) आहे म्हणतो. इथं यायचं तिकीट काढलंय. आम्ही फार घाबरलोय. – आईबाबा, टिळकवाडी

उत्तर : तिकीट काढलंय हे वाचून मी पहिल्यांदा तेच लिहिते, कोर्टाची किंवा प्रोबेशन ऑफिसरची परवानगी नसताना त्यानं देश सोडायचा नाही. हिअरिंग समोर असताना इकडं आला तर तिकडं वॉरंट निघेल आणि परत जाताना विमानतळावरच अडकेल. तिथल्या प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, त्यामुळं त्याच राज्यातला क्रिमिनल वकील लागणार, पण काही गोष्टी तिथल्या सुप्रीम कोर्टानं सगळ्या देशासाठी ठरवून दिल्यात. १९७३ च्या गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली खटल्यात ठरलं की प्रोबेशन काढून घेण्याआधी सुनावणी द्यावीच लागते, आरोप काय ते लेखी सांगावं लागतं, आपली बाजू मांडायला द्यावी लागते. १९८३ च्या बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया खटल्यात ठरलं की दंडाचे पैसे भरले नाहीत एवढ्यावरून जेलात टाकता येत नाही, मुद्दाम भरले नाहीत की खरंच नव्हते याची चौकशी करायला लागते. तुमच्या मुलाचे क्लासचे पैसे का थकले, नोकरी गेली होती का, हे कागदांसह त्याच्या वकिलाला द्यायला सांगा. थकलेले भरता येत असतील तर हिअरिंगच्या आधी भरून पावती हातात ठेवलेली सगळ्यात बरी.

पण तिथं या हिअरिंगला ज्युरी नसते, आणि मूळ खटल्यासारखं शंकेपलीकडं सिद्ध करावं लागत नाही, बहुतेक ठिकाणी 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढ्यावर न्यायाधीश निर्णय देतात. म्हणून टेस्ट चुकली त्याचं कारण हलकं धरू नका. आणि तो व्हिसावर असेल तर अजून एक वकील लागेल, इमिग्रेशनचा. कोर्टात 'चूक झाली' असं कबूल करायच्या आधी त्या कबुलीचा व्हिसावर काय परिणाम होतो हे त्याला विचारूनच मग बोलायचं. तुम्ही इथून त्याला रोज रागावण्यापेक्षा एवढं बघा की तो एकटा नाही, तारीख विसरत नाही आणि परत पीत नाही.

प्रश्न : प्रोबेशन मिळालं म्हणजे सरकारी नोकरीला अडचण नाही असं एकानं सांगितलं. खरं आहे का? पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये लिहायचं की नाही? – एक वाचक, हुक्केरी

उत्तर : अर्धं खरं आहे. कलम १२ सांगतं की कलम ३ (नुसती समज देऊन सोडणं) किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही. पण त्याच कलमात पुढं आहे की नंतर अट मोडून त्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर हे संरक्षण जातं. म्हणजे वरच्या सगळ्या प्रश्नांत मी हजेरी, पत्ता, पन्नास रुपये यावर एवढं का बोलले त्याचं एक कारण हे सुद्धा आहे. शिवाय १९९० साली बक्षी राम यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रोबेशननं दोषी ठरणं पुसलं जात नाही, त्यामुळं आधीच नोकरीत असलेल्या माणसावर खातं त्या वागणुकीवरून कारवाई करू शकतं.

फॉर्ममध्ये लिहायचंच. 'कधी गुन्ह्यात दोषी ठरला आहात का' असं विचारलं असेल तर हो लिहा, केस नंबर लिहा, प्रोबेशनच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी जोडा आणि कलम १२ चा उल्लेख करा. २०१६ च्या अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं माहिती लपवण्याबद्दल सविस्तर लिहिलंय, खरं सांगितलं तरी खातं विचार करून ठरवणार, पण लपवलेलं सापडलं तर तेवढ्यावरूनही नोकरी जाऊ शकते. सर्टिफाइड कॉपी कोर्टाच्या नक्कल विभागातून मिळते, अर्ज आजच देऊन ठेवा, कारण मुलाखतीचं पत्र आल्यावर चार दिवसांत कॉपी हातात येईलच असं नसतं.